हजेरीची वही

मंगळवार, 5 सप्टेंबर 2023, बर्मिंगहॅम

महापालिकेने आज 114 कलमाची नोटीस काढली. सरळ भाषेत सांगायचं तर तिजोरीत खडखडाट. कायद्याने जे करावंच लागतं ते सोडून नवा खर्च बंद. हे दिवसभर टीव्हीपुढे बसून आकडे ऐकत होते आणि मधूनमधून माझ्याकडे असं बघत होते, जसे काही ते पैसे मीच खर्च केलेत.

आणि येत्या रविवारी आम्ही नवी ख्रिस्ती मंडळी सुरू करतोय. चौदा माणसं, भाड्याचा हॉल, एक की-बोर्ड, चहाचा मोठा बंब. पाळकसाहेब म्हणाले, "हीच योग्य वेळ आहे." त्यांना प्रत्येक वेळ योग्यच वाटते. वय बत्तीस, अंगात जीन्स. मला नावाने हाक मारा म्हणतात. नगरला मी पाळकाला नावाने हाक मारली असती तर आईने कानाखाली दिली असती. म्हणून मी पाळकसाहेबच म्हणते. आता त्यांना तो शब्द आवडायला लागलाय.

माझ्याकडे हजेरीची वही आलीय. तीस वर्षं सुईणीचं काम केलं, किती वाजता, किती वजन, कोण हजर, हे लिहून ठेवायची खोड हातातच बसलीय.

रविवार, 10 सप्टेंबर

दुपारी तीनची उपासना. हॉल विन्सन ग्रीनच्या बाजूला, तुरुंगाच्या भिंतीपासून दहा मिनिटांवर. 11 नंबरची बस जवळच थांबते. या हॉलमध्ये शुक्रवारी जुम्म्याची नमाज होते, शनिवारी पोरांचे वाढदिवस, रविवारी आम्ही. शुक्रवारी खुर्च्या भिंतीला लागतात, रविवारी त्याच मांडायच्या. छताला कालच्या वाढदिवसाचा एक फुगा चिकटला होता, तो उपदेशभर आमच्यावर डुलत राहिला.

वहीत आकडा: 31. त्यातली सोळा माणसं आमच्या जुन्या चर्चमधून शुभेच्छा द्यायला आलेली, पुढच्या रविवारी दिसणार नाहीत. चौदा आम्ही. खऱ्या अर्थाने नवा माणूस एक, आणि तो शौचालय शोधत आत आला होता. पण चहा पिऊन गेला.

पाळकसाहेबांनी ल्योतार काढला. 1979 साली त्या फ्रेंच माणसाने लिहून ठेवलं की आता लोकांचा महाकथनांवरचा विश्वास उडालाय. सगळ्या जगाचा अर्थ एकाच गोष्टीत सांगणारं कुणी आलं की लोकांना संशय येतो. मग न्यूयॉर्कचे टिमथी केलर आले, 1989 मध्ये मॅनहॅटनच्या भर वस्तीत, उच्चशिक्षित संशयी माणसांमध्ये मंडळी उभी करणारे. मी ऐकत होते. पण मन अडकलं होतं ते 'प्लांट' या शब्दात. हे लोक मंडळी 'लावतात'. आमच्याकडे लावणी भाताची, आणि तीही अकोले तालुक्याकडे. रोप आधी एका वाफ्यात तरारू द्यायचं, मग उपटून दुसऱ्या चिखलात खोचायचं. आम्ही चौदा जण म्हणजे तशीच उपटलेली जुडी. आमच्या नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात ज्वारी पेरतात. पेरणाऱ्याचा दृष्टांत तिकडे समजावून सांगावा लागत नसे. वाट, खडक, काटे, सगळं बांधावर उभं राहून दिसायचं.

बुधवार, 27 सप्टेंबर

दारोदार पत्रकं वाटली. पाय दुखताहेत. एकानेही दार आपटलं नाही, आणि तेच जड जातंय. "किती छान!" म्हणतात. "तुम्हाला त्यातून बळ मिळतं ना, मग उत्तमच." एका बाईने पत्रक उलटसुलट करून विचारलं, योगाचा वर्ग पण आहे का?

2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते 59.3 होते. 'कोणताही धर्म नाही' लिहिणारे 37.2. आमच्या बर्मिंगहॅममध्ये ख्रिस्ती 34, मुसलमान 29.9. आमच्या गटातल्या इंग्रज मंडळींचे चेहरे हे आकडे ऐकून असे होतात, जणू घर कोसळलं. मला आतून हसू येतं. महाराष्ट्रात आम्ही शंभरात एकसुद्धा नाही. लहानपणी आमच्या आळीत एका भिंतीपलीकडे आरती, दुसऱ्या भिंतीपलीकडे मुलाणीकाकूंचं घर. बहुविध समाज म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नाताळाच्या करंज्या कुणाकडे आधी पोचवायच्या एवढाच प्रश्न असे.

लेस्ली न्यूबिगिन याच विन्सन ग्रीनमध्ये पाळक होते, 1980 ते 1988. त्याआधीची कितीतरी वर्षं तामिळनाडूत, मदुराईला आणि मद्रासला बिशप. 1974 मध्ये निवृत्त झाल्यावर नवरा-बायको बसने, जमिनीच्या वाटेने मद्रासहून इथवर आले. वाटेत कप्पदुकियात, जिथे एके काळी गावोगाव मंडळ्या होत्या, तिथे रविवारी सोबतीला एकही ख्रिस्ती माणूस मिळाला नाही, म्हणून दोघांनीच उपासना केली. आणि इथे आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की भारतातल्या विरोधापेक्षा इथला थंडपणा पचवणं अवघड. आज पत्रकं वाटून आल्यावर मला तो माणूस समजला.

बुधवार, 18 ऑक्टोबर

दर बुधवारी मोफत जेवणाचं टेबल सुरू केलंय. डाळ-भात, पास्ता, पाव, सूप. आज 43 ताटं गेली. वीजबिलाच्या धाकाने माणसं उबेसाठीही येऊन बसतात.

पाळकसाहेबांनी दाराशी माझी वही ठेवली होती: नाव, पिनकोड, फोन. समोरच्या घरातल्या पंजाबी भैनजी ताट घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "तुमच्यात जेवायला नाव का लिहून घेतात?" सोहो रोडवर निष्काम सेवक जथ्याचा गुरुद्वारा आहे, तिथे रोज लंगर. कुणी कुणाला नाव विचारत नाही. डोकं झाका, बूट काढा, बसा.

मला उत्तर सुचलं नाही. वही उचलून पर्समध्ये टाकली.

रविवार, 12 नोव्हेंबर

आज दिवाळी आणि युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन एकाच दिवशी. अकराला शहर दोन मिनिटं गप्प उभं, संध्याकाळी सोहो रोडवर फटाके. हॉलमध्ये कागदाची लाल पॉपीची फुलं, आणि टेबलावर भैनजींनी पाठवलेला मिठाईचा डबा. गाझाच्या बातम्यांनी महिनाभर वस्ती तापलेली आहे. उपासनेत कुणासाठी, कोणत्या शब्दांत प्रार्थना करायची यावर आमच्यातच दोन तट. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, नावं न घेता शांत बसू. चार मिनिटं बसलो. आजवर त्यांनी घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय.

आकडा 22. एक नवा मुलगा, पंचविशीतला, इराणी. सरकारने ठेवलेल्या एका हॉटेलात राहतो. शेवटच्या रांगेत बसला आणि संपल्यावर न सांगता खुर्च्या रचायला लागला. फारसीतही 'मेज' आणि 'चाय' जवळपास तसंच म्हणतात हे कळल्यावर आम्ही दोघं उगाचच खूश झालो.

रविवार, 3 डिसेंबर

हॉलचे केअरटेकर आजोबा जमैकाचे, ऐंशीच्या घरात. आज कुलूप लावता लावता बोलत बसले. या हॉलमध्ये त्यांनी तीन मंडळ्या उगवताना आणि तीन मावळताना पाहिल्यात. आमची चौथी. "तुमचं किती वर्षांचं बजेट आहे?" म्हणाले. मी सांगितलं, तीन. त्यांनी नुसती मान हलवली.

पन्नासच्या दशकात त्यांचे आईवडील बोटीने आले, तेव्हा पहिल्याच रविवारी चांगले कपडे घालून जवळच्या चर्चमध्ये गेले. दाराशी हात मिळवून त्यांना गोड शब्दांत सांगण्यात आलं की पुन्हा आला नाहीत तर बरं. मग कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत प्रार्थना, मग भाड्याचा हॉल. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये 1953 साली 'न्यू टेस्टामेंट चर्च ऑफ गॉड' असंच उभं राहिलं. इथून जेमतेम वीस किलोमीटर. आज देशभर त्याच्या मंडळ्या आहेत. "आम्ही काही लावलं नाही," आजोबा म्हणाले. "दार बंद होतं, बाहेर थंडी होती."

वहीत 19.

रविवार, 24 डिसेंबर

कॅरल्स. 87! खुर्च्या कमी पडल्या. ज्यांना देव नको असतो त्यांनाही हे सूर हवे असतात. डोळ्यांत पाणी आणून गातात आणि पुढच्या नाताळापर्यंत दिसत नाहीत. पाळकसाहेब हवेत.

रविवार, 7 जानेवारी 2024

17. पाळकसाहेब जमिनीवर.

रविवार, 21 जानेवारी

आज भांडण झालं. लिहून ठेवते, नाहीतर मीच पुढे ते सौम्य करून सांगेन.

आम्हाला ज्यांच्याकडून तीन वर्षांचं अनुदान येतं त्यांचा फॉर्म आलाय. त्यात एक रकाना: 'संपर्कात आलेल्या व्यक्ती'. पाळकसाहेबांनी बुधवारच्या जेवणाची माणसं धरून 140 लिहिलं. मी म्हटलं, ते खोडा. ते म्हणाले, खोटं कुठे आहे? संपर्कात आलेच ना? मी म्हटलं, भुकेल्या माणसाची भूक आपल्या फायलीत जमा करायची नाही. ते म्हणाले, तुम्ही उगाच लावून घेताय.

लावून घेतेच आहे. सगळे उपासनेनंतर भांडी घासत असताना मी त्यांना बसवून माझ्या पणजीची गोष्ट सांगितली. 1899-1900 चा तो मोठा दुष्काळ. पणजी महारवाड्यातली. मिशनच्या कामावर खडी फोडली, धान्य मिळालं, दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. गाव म्हणायचं, पोटासाठी बाटले. कवी ना. वा. टिळकांसारखा ब्राह्मण 1895 मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा त्याला वाळीत टाकलं, कारण टाकण्याआधी तो आत होता. माझ्या पणजीला वाळीत कोण टाकणार? विहीर आधीही बंद होती, नंतरही बंदच. तिचं काही गेलं नाही असं धरून चालतात, म्हणून ती विश्वासाने आली हेही कुणी धरत नाही. आजीला शाळेत चिडवलं, मला नर्सिंगच्या वसतिगृहात एका मुलीने हसत हसत विचारलं, तुमच्या घराण्याला काय मिळालं होतं गं? तीन पिढ्या एका पोत्याचा हिशेब देताहेत. आणि त्यात धान्य खोटं नव्हतं, पणजीची प्रार्थनाही खोटी नव्हती. पण मिशनच्या अहवालात ती दोन्ही एकाच ओळीत लिहिली गेली असणार. मला ती ओळ पुन्हा लिहायची नाही.

पाळकसाहेब बराच वेळ गप्प. मग त्यांनी 140 खोडून 23 केलं.

घरी येऊन टिळकांचं पुन्हा आठवलं. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे म्हणवणारे दोघेही त्यात बसतील. मे 1919 मध्ये ते गेलेच. दरबार फार टिकला नाही. तेव्हा पाश्चात्त्य मिशनऱ्यांना ते अवघड वाटलं असेल. आता त्यांचेच पणतू परिषदा भरवून विचारतात की आधी विश्वास की आधी आपलेपणा. पण टिळकांनी त्या दरबाराची वही कशी ठेवली असेल? दोन रकाने? की एकच?

गुरुवार, 8 फेब्रुवारी

लंडनमध्ये क्लॅपमला 31 जानेवारीला एका बाईवर आणि तिच्या मुलींवर ॲसिडसारखं काहीतरी फेकलं गेलं. संशयित निर्वासित, आणि आश्रय मिळण्याआधी ख्रिस्ती झालेला. तेव्हापासून वर्तमानपत्रांत एकच सूर: चर्चवाले बाप्तिस्मे वाटतात, लोक ते घेऊन व्हिसा मिळवतात. बसमध्ये माझ्यामागे दोघं तेच बोलत होते.

शंभर वर्षांत पोत्याची जागा व्हिसाने घेतली. टोमणा तोच.

रविवार, 18 फेब्रुवारी

उपवासकाळाचा पहिला रविवार. इराणी मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या आश्रयाच्या अर्जाची न्यायाधिकरणापुढची तारीख एप्रिलअखेरीस लागलीय. त्याला दोन गोष्टी हव्यात: ईस्टरला बाप्तिस्मा आणि मंडळीचं पत्र. मुलाखतीत त्याला दहा आज्ञा विचारल्या होत्या. त्याने आठ सांगितल्या. मी मनातल्या मनात मोजून पाहिल्या, मलाही क्रमाने दहा येईनात.

पाळकसाहेबांनी विचारलं, वही काय म्हणते? पंधरा रविवारांपैकी तेरा हजर. गैरहजर दोन्ही वेळा हॉटेल बदललं होतं. माझी ही वही आता एखाद्या माणसाच्या जिवाचा पुरावा होऊ शकते. इतकी वर्षं बाळंतपणाच्या नोंदी ठेवल्या, कोर्टात गेल्या तर काय, ही भीती तिथेही असे. पण तिथे नाडी असते, वजन असतं. याच्या छातीत काय आहे ते मी कुठल्या काट्यावर पाहू?

अथेन्सच्या अरीयपगावर पौल बोलला तेव्हा काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा कधीतरी ऐकू म्हणून टाळलं. शेवटी लूकने नावं लिहिली ती दोनच: दियनुस्य आणि दामारी. बाकी 'आणखी काही जण'. बहुदैवतांच्या, वादविवादाच्या त्या शहरातून एवढीच आवक. दामारीबद्दल पुढे एक अक्षर नाही. ती टिकली का, का आली होती, कुणी विचारलं नाही.

रात्री पत्र लिहिलं. जे पाहिलं तेवढंच: इतके रविवार आला, खुर्च्या रचतो, बुधवारी भांडी घासतो, मार्काचं शुभवर्तमान फारसीत वाचून प्रश्न विचारतो, अवघड विचारतो. 'त्याचा विश्वास खरा आहे' हे वाक्य दोनदा लिहिलं, दोनदा काढलं. ते माझ्याबद्दलही मी सहीनिशी देऊ शकणार नाही.

बुधवार, 13 मार्च

बहिणीचा फोन. मंत्रिमंडळाने नगरचं नाव अहिल्यानगर करायचं ठरवलं. ती म्हणते, पाट्या बदलतील, आपण नगरच म्हणणार. मला आजी आठवली. तिचं पाळण्यातलं नाव कुणालाच माहीत नाही. दप्तरात फक्त बाप्तिस्म्याचं.

अनुदानवाल्यांचं उत्तर आलं. 'वाढीचा वेग अपेक्षेपेक्षा कमी' म्हणून पुढच्या वर्षीची रक्कम एकतृतीयांशाने कमी. पाळकसाहेबांनी मला पत्र दाखवलं, काही बोलले नाहीत. ते आता आठवड्यातले तीन दिवस एका गोदामात काम धरणार आहेत. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांकडे मला बघवलं नाही. तत्त्व माझं, चिमटा त्यांना. हे म्हणाले, "तू बरोबर होतीस." मग थोडं थांबून, "पण पैसे तुझे नव्हते."

रविवार, 24 मार्च

झावळ्यांचा रविवार. इराणी मुलाने पाळकसाहेबांना सांगितलं की बाप्तिस्मा आत्ता नको. निकाल लागू दे, मग. बाजूने लागो की विरुद्ध. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मग कुणी म्हणणार नाही." पत्र मात्र त्याने घेतलं, नीट घडी घालून.

मी त्याला म्हटलं, तुझ्या विरुद्ध लागला तर तिकडे परत जाताना बाप्तिस्मा अंगावर घेऊन जाणार? तो म्हणाला, तेव्हाच तर उपयोग. मग हसला. मला त्याचं हसणं नीट वाचता आलं नाही.

रविवार, 31 मार्च, ईस्टर

आज पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ कुणी हलवलंच नव्हतं. निम्मी माणसं त्या घड्याळाकडे बघून निवांत, आणि पाळकसाहेब मोबाइल बघून घामाघूम.

बाप्तिस्मा एका बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा झाला. तिच्या घरात दोन पिढ्या कुणी चर्चला गेलेलं नाही. मोठा हौद परवडत नाही म्हणून पाळकसाहेबांनी फुगवायचा टब मागवला. पाहिलं तर पाण्यातल्या प्रसूतीचा! मला खालच्या बाजूची झडप, मऊ तळ, धरायचे कान सगळं ओळखीचं. पाण्यात कोपर घालून मी सवयीने म्हणाले, "सदतीसच्या आसपास आहे, चालेल." पाळकसाहेबांना काही कळलं नाही. मुलीचे आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. नंतर चहा पिताना आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तिला त्यातून आनंद मिळतोय, छान वाटलं." तेच वाक्य, दारादारांवरचं. पण तिचे हात थरथरत होते, आणि लेकीचे केस ती टॉवेलने पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

बुधवारी येणारी एक बाई रिकामा डबा घेऊन आली. रमजान, ईस्टर, सुट्टी, सगळ्यात वारांचा घोळ झाला होता तिचा. मी पाव आणि बिर्याणी भरून दिली. ती दाराशी उभी राहून शेवटचं गाणं ऐकून गेली. तिला वहीत धरलं नाही.

सहाला हॉल इफ्तारसाठी द्यायचा होता, आणि टबातलं पाणी काही लवकर उतरेना. जुम्म्याचे लोक आधीच येऊन बाहेर उभे. केअरटेकर आजोबांनी त्यांना आत बोलावलं. मग दोघं-तिघं बाह्या सरसावून बादल्यांनी पाणी उपसायला लागले, इराणी मुलगा खुर्च्या भिंतीला लावायला. एकाने विचारलं, "हे कशाला?" मुलगा म्हणाला, "बाप्तिस्मा." त्याने टबाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि दुसरी बादली घेतली. जाताना आम्हाला खजुरांचं एक खोकं मिळालं. आम्ही त्यांना उरलेले बन दिले.

रात्री साडेदहाला आठवलं, वही हॉलमध्ये खिडकीतच राहिली. आजचा आकडा लिहायचाच राहून गेला. हे म्हणाले, आजोबांना फोन कर. एवढ्या रात्री कुठे उठवायचं. बुधवारी बघू.